टॉसच्या आदल्या रात्री राजीनामा!

राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये ठेवून तुम्ही किती महिने काढलेत? माझा रेकॉर्ड आठ महिन्यांचा. बॉसने मला न विचारता माझ्या टीममध्ये माणूस घुसवला, मी फणफणले, पण 'सेंड' काही दाबलं नाही. रात्री यूट्यूबवर रॉय कीनची भांडणं बघायचे, तेवढाच दिलासा!

कीन म्हणजे मँचेस्टर युनायटेडचा भांडकुदळ कॅप्टन. २००२च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर सरावाच्या सोयींवरून आयर्लंडच्या मॅनेजरशी त्याचं असं वाजलं, की स्वारी एकही मॅच न खेळता सैपानहून घरी परतली. सुट्टीत सोलापूरला आले होते, तेव्हा पार्क स्टेडियमबाहेर चहा पिताना मी म्हटलं, "असा कॅप्टन आपल्याकडे नाही झाला." मित्र हसला. "झालाय की! तोही सोलापुरात जन्मलेला. फुटबॉलचा नाही, क्रिकेटचा."

पॉली उम्रीगर. जन्म २८ मार्च १९२६. शाळेच्या वयातच मुंबईला गेले. ५९ टेस्ट, १२ सेंच्युरी, आणि टेस्टमधली भारताची पहिली डबल सेंच्युरी त्यांचीच : १९५५, हैदराबाद, न्यूझीलंडविरुद्ध २२३.

आता जानेवारी १९५९, मद्रास. वेस्ट इंडिजविरुद्ध आपण सिरीजमध्ये ०-२ मागे, कॅप्टन उम्रीगर. विजय मांजरेकर अनफिट झाले. उम्रीगरना त्यांच्या जागी बॅट्समनच हवा होता, मनोहर हर्डीकर. बोर्डाचे अध्यक्ष आर. के. पटेल अडून बसले : ऑफस्पिनर जसू पटेलच घ्या. टीम मी खेळवायची आणि माणसं तुम्ही ठरवायची? मॅचच्या आदल्या रात्री उम्रीगरनी कॅप्टनशिप सोडली. विनू मांकड कॅप्टन झाले. मात्र उम्रीगरनी कीनसारखं विमान नाही पकडलं. साधे खेळाडू म्हणून मैदानात उतरले. (मला हेच जास्त अवघड वाटतं. पद सोडून त्याच ऑफिसात, त्याच खुर्च्यांमध्ये बसायचं!)

भारताची कॅप्टनशिप त्यांना पुन्हा मिळाली नाही. रन्स मात्र येत राहिले. १९६२मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद १७२ आणि त्याच मॅचमध्ये पाच विकेट्स!

आणि ते जसू पटेल? डिसेंबर १९५९, कानपूर. पहिल्या इनिंगमध्ये ६९ रन्समध्ये ९ विकेट्स! ऑस्ट्रेलियाला आपण पहिल्यांदा हरवलं ते तिथेच. दुसऱ्या इनिंगमध्ये ऑस्ट्रेलिया १०५ ऑलआउट. पटेल ५ विकेट्स, उम्रीगर ४.