गडगडाट आणि घरातील दूरदर्शन संच

वळवाचा पाऊस काय किंवा हस्ताचा पाऊस काय, आपल्या बेळगावकडे दोन्ही गडगडाटासह येतात. अशा वेळी दूरदर्शन संचाचे बटण बंद केले की झाले, असा पुष्कळांचा समज असतो. आम्ही वर्गात मुलांना एवढेच विचारतो: जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत हवेतून किलोमीटरभर झेप घेते, तिला बटणातील चिमूटभर फट काय अडविणार?

वीज घरावरच पडावी लागते असे नाही. जवळपास पडली तरी विजेच्या तारांत क्षणभर प्रचंड दाब उत्पन्न होतो आणि तो संचापर्यंत पोहोचतो. दुसरी वाट छपरावरील डिशच्या किंवा केबलच्या तारेची. म्हणून प्लग व ही तार, दोन्ही काढून ठेवावीत, पण वेळेवर. आभाळ भरून येऊ लागताच हे काम मोठ्यांनी उरकावे.

लखलखाटानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस 3 ने भागावे, म्हणजे विजेचे अंतर किलोमीटरांत कळते. मात्र अंतर कितीही निघो, गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलो. मग प्लगला वा तारेला हात लावू नये. डिश सरळ करण्यास गच्चीवर तर मुळीच जाऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे थांबावे.

संच गेला तर दुसरा आणता येतो. तो वाचविण्यासाठी भर पावसात मुलाला धाडू नये, एवढीच आमची पालकांस कळकळीची विनंती.