दोन डब्यांच्या मधे

‘बॅक टू द फ्यूचर’च्या तिसऱ्या भागात १८८५ साली धावणारं इंजिन प्रत्यक्षात १८९१ मध्ये बांधलेलं आहे. सिएरा रेल्वेचं हे तीन नंबरचं इंजिन ‘हाय नून’मध्ये आहे, ‘अनफरगिवन’मध्येही आहे. कॅलिफोर्नियातल्या जेम्सटाउनला ते आजही जपलेलं आहे. सहा वर्षांचा हा फरक मी आनंदानं सोडून देईन. वाफ खरी आहे, लोखंडाचं वजन खरं आहे आणि सिनेमाच्या कामामुळेही असली इंजिनं भंगारातून वाचली.

‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’मधली (१९६९) तफावत मोठी आहे. त्यातल्या लुटीमागचा खरा दरोडा १८९९ साली वायोमिंगमधल्या विलकॉक्सजवळ युनियन पॅसिफिकच्या गाडीवर पडला. तिथले रूळ ४ फूट साडेआठ इंचांचे. चित्रण झालं कोलोरॅडोतल्या ड्युरँगो-सिल्व्हरटनच्या ३ फुटी नॅरोगेजवर, १९२३ सालचं इंजिन जोडून. अरुंद दरीतली तीव्र वळणं घेण्यासाठी आखलेली ती छोटी गाडी पडद्यावर थेट खंड ओलांडणारी मेल झाली. त्या काळच्या अमेरिकी रेल्वेचा दांडगेपणा त्यातून कळतच नाही.

मला खरी खटकते ती मात्र पडद्यावरची डब्यांची जोडणी: जुन्या काळच्या कथेतही ती नंतरच्या, आपोआप जुळणाऱ्या कपलरची असते. पूर्वी एका डब्याची कडी दुसऱ्यात अडकवून वरून खिळा घालत. डबे एकमेकांवर येत असताना ब्रेक सांभाळणारा कामगार, म्हणजे ब्रेक्समन, मधे उभा राहून ती कडी हातानं धरायचा. कित्येकांची बोटं गेली, कित्येक चिरडून मेले. गाडी थांबवायची तर त्यानंच बर्फात, पावसात धावत्या मालडब्यांच्या टपांवरून पळत हातब्रेक आवळायचे. सिनेमात दरोडेखोर टपावरून एकदा धावतो आणि नायक ठरतो. ब्रेक्समनची ती रोजची पाळी होती. आपोआप जुळणारे कपलर आणि हवेचे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा १८९३ मध्ये झाला, त्याची पुरती अंमलबजावणी व्हायला १९०० उजाडलं.

चित्रीकरण होतं त्या वारसा रेल्वेमार्गांवर प्रवासी बसतात, तिथे कडी-खिळ्याची जोखीम घेता येणार नाही, हे उघड आहे. पण इंजिनाला नकली फुगीर धुराडं चढवणाऱ्या कलाविभागाला उभ्या डब्यांवर एका दृश्यापुरती कडी बसवणं अवघड नाही. ते टाळणं मला अक्षम्य वाटतं. यापुढे वेस्टर्नपट पाहाल तेव्हा धुराड्याआधी दोन डब्यांच्या मधे नजर टाका. १८८० च्या कथेत तिथे मिटलेल्या मुठीसारखे, आपोआप जुळणारे कपलर दिसले, तर ब्रेक्समनची गोष्ट वगळली आहे असं समजा.