पदर उलटून दाखवा! पैठणीच्या गादीवर एनएलपीच्या सात गोष्टी

येवल्यात पैठणी घ्यायला गेलं की चपला दाराशी, बैठक गादीवर, हातात पाण्याचा पेला. मग घडीमागून घडी उलगडत जाते आणि खरी मजा सुरू होते ती बोलण्याची! याच बोलण्याचं एक तंत्र विक्रीच्या प्रशिक्षणात शिकवतात. त्याचं नाव न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजेच एनएलपी. त्यातलं काय खरं, काय पोकळ? चला, गादीवरच बसून बघू.

१. गुरू दुकानदार नव्हते
1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी मनावर उपचार करणाऱ्या तिघांचं बोलणं बारकाईनं अभ्यासलं: फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सॅटिर आणि मिल्टन एरिक्सन. 1975 मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं. म्हणजे आज विक्रीसाठी वापरलं जाणारं हे तंत्र जन्मलं दुखऱ्या माणसाचं ऐकून घेण्यातून.

२. गिऱ्हाइकाचाच शब्द परत द्या
“फार भडक नको हं!” असं ताई म्हणाल्या, तर “भडक नको, बरोबर. मग ही बघा,” म्हणावं. समोरच्याशी असा सूर जुळवण्याला एनएलपीत मोठं स्थान आहे. त्याला आधारही सापडतो. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात, ग्राहकाची ऑर्डर त्याच्याच शब्दांत परत म्हणणाऱ्या वेट्रेसला जास्त टिप मिळाली. आपलं म्हणणं नीट पोचलं, एवढ्यानंच माणूस सुखावतो.

३. कुणी बघतं, कुणी विचारतं, कुणी चाचपतं
“रंग खुलतोय का?”, “सांगा तरी, जर कसली आहे?”, “अंगाला जड नाही ना होणार?” एनएलपी म्हणतं, प्रत्येकाचं एक लाडकं इंद्रिय असतं, त्याच भाषेत बोला. माणसांचे असे ठरीव साचे मात्र संशोधनात टिकले नाहीत. तरी धडा कामाचा आहे. वजनाची काळजी असलेल्या वहिनींना रंगाचं कौतुक ऐकवू नका, साडी हातात द्या!

४. नजर वर गेली म्हणजे खोटं? छे!
डोळे कुठे वळतात त्यावरून खोटं ओळखता येतं, हा एनएलपीवाल्यांचा गाजलेला दावा. 2012 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी तो तपासला आणि त्याला पुरावा मिळाला नाही. काकूंची नजर छताकडे गेली, तर त्या कदाचित घरातल्या ब्लाउजचा रंग आठवत असतील. त्यांना वेळ द्या.

५. पदर खांद्यावर, साडी मनात
जोॲन पेक आणि सुझॅन शू यांचा 2009 चा अभ्यास सांगतो की वस्तूला नुसता हात लागला तरी ती आपलीशी वाटू लागते. आरशासमोर खांद्यावर पदर टाकून बघण्याची आपली जुनी रीत नेमकी हेच साधते. म्हणूनच बजेट आधी ठरवा, पदर मग पांघरा.

६. आठवणीची खुंटी
एखादा रंग, वास किंवा स्पर्श एखाद्या भावनेशी जोडणं, याला एनएलपीत ‘अँकरिंग’ म्हणतात. शांता शेळके यांच्या ‘पैठणी’ या कवितेत आजीच्या जुन्या पैठणीत नातीला आजी भेटते. हीच ती खुंटी! चंद्रकळा किंवा राघू रंग दिसला की कुणाला आईचं लग्न आठवतं, कुणाला डांबरगोळ्यांचा वास येणारी ट्रंक. “घरात आधीची पैठणी आहे का?” हा साधा प्रश्न त्या आठवणीचं दार उघडतो. तिथं आदरानंच शिरावं.

७. किमतीची चौकट बदला, किंमत लपवू नका
“एवढी महाग?” यावर एनएलपी सुचवतं ‘रीफ्रेमिंग’, म्हणजे तीच गोष्ट नव्या चौकटीत दाखवणं. हातमागावर पदरातला मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हातानं फिरवावी लागते. एका पैठणीला महिनाभरही लागू शकतो. नक्षी भरगच्च असेल तर वर्षही सरतं. हे सांगितलं की आकडा कष्टांच्या शेजारी बसतो. पण यंत्रावरची साडी हातमागाची म्हणून खपवली, तर ती चौकट नव्हे, फसवणूक!

आणि सगळ्यात मोठी युक्ती
पारंपरिक पद्धतीनं हातानं विणलेल्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते. यंत्राच्या नक्षीमागे बहुधा धागे मोकळे लोंबतात. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अस्सल रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ची खूण आहे. दुकानदार दादांनी न मागता पदर उलटून दाखवावा आणि ताईंनी न लाजता मागावा. चांगल्या विक्रेत्याचं बोलणंही पैठणीच्या पदरासारखंच हवं, दोन्ही बाजूंनी सारखं.