नोटपॅडची चौसष्ट केबी

विंडोज ९५ किंवा ९८च्या संगणकावर मोठी लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडायला गेलं, की मजकुराऐवजी एक चौकट पुढे यायची: ही फाइल नोटपॅडसाठी फार मोठी आहे, वर्डपॅडमध्ये उघडायची का? हार्ड डिस्कवर शेकडो मेगाबाइट जागा असायची, तरी साधा मजकूर ६४ केबीच्या पुढे गेला की नोटपॅड हात टेकायचं.

या आकड्याचं मूळ १९७८ साली आलेल्या इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरात आहे. त्याचे रजिस्टर १६ बिटांचे होते. १६ बिटांत ० ते ६५,५३५ एवढेच आकडे मावतात, म्हणून मेमरीचा एक सेगमेंट ६५,५३६ बाइटचा, म्हणजेच ६४ केबीचा. प्रोसेसर १ एमबीपर्यंत पोहोचायचा, पण सेगमेंट बदलत बदलत, आणि तो हिशेब प्रोग्रामरच्या गळ्यात. विंडोज ९५ ३२ बिटांचं म्हणून आलं, तरी जुने प्रोग्राम चालावेत आणि ४ एमबी मेमरीतही भागावं म्हणून आतला बराच कोड १६ बिटीच ठेवला होता. नोटपॅड विंडोजच्या ज्या तयार एडिट कंट्रोलवर, म्हणजे मजकूर लिहायच्या चौकटीवर, उभं होतं, तोही त्यातच होता. विंडोज एनटीमध्ये ही अडचण नव्हती. एनटीवरच बेतलेलं एक्सपी २००१ साली घरोघरी पोहोचलं आणि ही मर्यादा मागे पडली.

विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा एडलिन तर एकेका ओळीचा एडिटर. फाइल उघडताना मेमरी तीन चतुर्थांश भरली, की तो वाचणं थांबवायचा. पूर्ण फाइल आत आली असेल तर तसा संदेश यायचा. नाहीतर नुसतं तारकेचं (*) चिन्ह. मग ‘डब्ल्यू’ आज्ञा देऊन सुरुवातीच्या ओळी डिस्कवर लिहायच्या, ‘ए’ देऊन पुढच्या आत ओढायच्या. लिहून टाकलेल्या ओळींकडे परत जायचं तर फाइल बंद करून पुन्हा उघडावी लागे. वर्डस्टारने हेच काम वापरणाऱ्याच्या नकळत केलं: लागेल तेवढा भाग मेमरीत, बाकीचा डिस्कवर. त्यामुळे मेमरीपेक्षा मोठी फाइलही त्यात हाताळता यायची.

या सगळ्यांत नोटपॅडचं वागणं मला फार मोलाचं वाटतं. मावत नसलेली फाइल अर्धीच उघडून ती पूर्ण असल्याचा भास त्याने निर्माण केला नाही. शेपूट कापलेला मजकूर कोणी नकळत सेव्ह केला, तर मूळ फाइलच हातची जाते. मर्यादा असणं हा एडिटरचा दोष नाही, ती लपवणं हा आहे. म्हणून जुन्या यंत्रावर मोठी फाइल उघडण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा, आणि काहीही बदलण्यापूर्वी शेवटची ओळ दिसते आहे ना, तेवढं पाहून घ्या.