टपालाने आलेली परवानगी

जपानमध्ये नोकरी करणाऱ्याला बायकोला तिथे राहायला न्यायचं असेल, तर व्हिसाचा अर्ज हा जवळजवळ शेवटचा टप्पा असतो. खरी परीक्षा त्याआधी होते आणि ती तिच्या गैरहजेरीत होते. नवऱ्याने आपल्या भागातल्या इमिग्रेशन कार्यालयात अर्ज आणि कागद द्यायचे, अधिकाऱ्यांनी ते तपासायचे आणि पटलं तर एक प्रमाणपत्र टपालाने पाठवायचं. ही व्यक्ती अमुक कारणासाठी आमच्या देशात राहायला पात्र आहे, एवढंच त्या प्रमाणपत्राचं म्हणणं. तिथली आपली मंडळी त्याला 'सीओई' म्हणतात. आम्हाला मुलाखतीला कुणी बोलावलं नाही की फोन केला नाही. मी कोण, आमचं लग्न खरं की खोटं, आमचा संसार कशावर चालणार, हे सगळं त्या अधिकाऱ्याने कागदांवरून ठरवलं.

मी सांगलीत होते, नवरा तोक्योच्या निशीकासाईत. एदोगावा वॉर्डातला हा भाग २००० सालच्या आसपास भारतीय संगणक अभियंत्यांनी भरू लागला. तोझाई लाइनने ओतेमाचीच्या बँका-कचेऱ्या गाठता येतात, हे त्याचं मोठं कारण. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून गेले. अशा ठिकाणी राहण्याचा फायदा म्हणजे प्रत्येक इमारतीत या वाटेने गेलेलं एखादं घर सापडतं. नवऱ्याच्या शेजारच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कागद कमी पडला तर मागून घेतात. पण दोन कागद एकमेकांशी भांडायला लागले, की अडकलंच."

आमचे कागद भांडणार होते ते नावावरून. आपल्याकडे पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं येतात आणि आडनाव वेगळ्या ओळीत. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर तेच नाव मराठी क्रमाने सलग. वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक 'ए' घालून, दुसऱ्यावर दोन. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलणं बंधनकारक नाही, म्हणून मी बदललं नव्हतं. पण सासरी उघडलेल्या बँक खात्यावर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं होतं. जपानी माणसाच्या नावात मधलं नाव नसतंच. शिवाय तिथल्या कायद्याने जपानी नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं. असे कागद रोज पाहणाऱ्या माणसासमोर माझे कागद गेले, तर त्याला एका बाईऐवजी दोन बायका दिसण्याची शक्यता होती.

मग आम्ही एका पानाचा खुलासा लिहिला, आणि या सगळ्या कामात मनापासून आवडलेला भाग तोच. महाराष्ट्रात माणसाचं नाव कसं तयार होतं, मधल्या नावात वडील का असतात, लग्नानंतर त्या जागी नवरा कसा येतो, मी ते का बदललं नाही आणि कोणत्या कागदावर मी कोणत्या नावाने आहे. आधी मराठीत लिहिलं, मग नवऱ्याने जपानीत उतरवलं. विवाहाच्या दाखल्याचं भाषांतरही त्यानेच केलं. शासनमान्य अनुवादक लागत नाही, भाषांतर करणाऱ्याचं नाव आणि सही खाली असली की पुरते. '१९९८च्या अधिनियमान्वये ठेवण्यात आलेल्या नोंदवहीच्या खंडात' हे सरकारी मराठी जपानीत नेताना त्याची दोन रात्री व्हिडिओ कॉलवर माझ्याशी चर्चा चालली. आपल्या तारखा दिवसापासून सुरू होतात, त्यांच्या वर्षापासून. म्हणून प्रत्येक ठिकाणी महिना अक्षरांत लिहिला. फोटोचंही तसंच. आपल्याकडचा नेहमीचा पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचा, त्यांना हवा तीन बाय चारचा. आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्या काकांनी पट्टी लावून एकेक कापला.

नवऱ्याच्या बाजूने कंपनीचा नोकरीचा दाखला, रेसिडेन्स कार्डाची प्रत आणि वॉर्ड ऑफिसचे रहिवासी कराचे दाखले लागत. हा कर १ जानेवारीला तुम्ही जिथे राहता तिथे, आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर बसतो. नवरा अर्जाच्याच वर्षी फेब्रुवारीत जपानला गेलेला. म्हणजे त्या वॉर्डाच्या दफ्तरी त्याच्या नावावर काहीच नव्हतं. नव्याने गेलेल्या पुष्कळांची गाडी इथे अडते. त्याने कंपनीकडून वर्षभराच्या पगाराचं पत्र घेतलं आणि दाखला का नाही याची चार ओळींची चिठ्ठी वर लावली.

अर्जाच्या एका भागाने मात्र मला दुखावलं. मी लग्नाआधी सहा वर्षं नोकरी करत होते. त्या अर्जात माझी ओळख एकच, नवऱ्याच्या आधाराने राहणारी. या व्हिसावर वेगळी परवानगी काढली तर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, त्यापुढे नाही. आणि कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि मुलं. आई-वडील त्यात बसत नाहीत, त्यांनी पाहुण्यासारखं यायचं आणि परतायचं. सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आम्ही कुटुंबात नाही होय गं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही तो नियम मला अन्यायाचा वाटतो.

अर्जासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकिटं चिकटवलेला परतीचा लिफाफा द्यावा लागे. साध्या टपालाच्या तिकिटांवर नोंदणीची जास्तीची तिकिटं लावायची, म्हणजे पोस्टमन तो पेटीत न टाकता हातात देतो. घरी कुणी नसेल तर चिठ्ठी ठेवून जातो आणि पोस्टात तो सात दिवस थांबतो. शिनागावाच्या इमिग्रेशन कार्यालयात अर्ज दिला, तेव्हा निकाल साधारण एक ते तीन महिन्यांत लागतो असं सांगितलं होतं. त्या काळात नवरा रोज कामावरून आल्यावर आधी दारातली पेटी उघडून बघायचा. वाट त्या चिठ्ठीची. शेवटी ती आली आणि प्रमाणपत्र हाती पडलं.

तेव्हा व्हिसासाठी मूळ प्रमाणपत्रच मुंबईत दाखवावं लागे, म्हणून तो कागद पुन्हा प्रवासाला निघाला. नवऱ्याने तो ईएमएस या जलद आंतरराष्ट्रीय टपालाने सांगलीला पाठवला. सुरुवातीला दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे आणि शेवटी जपानचं 'जेपी', असा त्याचा क्रमांक. तो जपान पोस्टच्या संकेतस्थळावर चालतो तसा इंडिया पोस्टच्याही. टपालखात्याबद्दल मला त्या दिवसांत फार आदर वाटला. कुठल्या कुठे सुटलेलं पाकीट स्पीड पोस्टच्या थैलीतून आमच्या दारात आलं आणि पोस्टमनने सही घेऊन माझ्या हातात दिलं. आत एक पातळ कागद होता. त्याची मुदत, दिल्या तारखेपासून तीन महिने. तेवढ्यात मुंबईच्या कॉन्सुलेटचा व्हिसा घेऊन जपानमध्ये पाऊल ठेवायचं, नाहीतर सगळं पहिल्यापासून. व्हिसा मिळायला अडचण आली नाही. मुख्य तपासणी आधीच झालेली असते. नारिता विमानतळावरच रेसिडेन्स कार्ड हातात पडलं आणि राहायला लागल्यापासून चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवला.

मार्च २०२३ पासून हे प्रमाणपत्र ईमेलनेही मिळतं. पाकिटाची ती वाट आता पाहावी लागत नाही. कागदांची तपासणी मात्र तशीच आहे. म्हणून लग्न ठरलेल्या आणि परदेशी जाणाऱ्या मुलींना कळकळीने सांगते: विवाह नोंदणीचा अर्ज भरताना दोघांचे पासपोर्ट शेजारी उघडे ठेवा, नावातलं अक्षर नि अक्षर जुळवा, आणि जे जुळणार नाही त्याचा खुलासा एजंटावर न सोडता स्वतः लिहा. तुमच्या नावाची हकिगत तुमच्याइतकी कुणालाच माहीत नसते.