साध्या वस्त्रांतले कौरव

श्याम बेनेगल २३ डिसेंबर २०२४ रोजी गेले. श्रद्धांजलीचे लेख ‘अंकुर’, ‘मंथन’वर रेंगाळले, ‘भारत एक खोज’ ही मालिका बहुतेकांनी एका ओळीत उरकली. ते मला लागलं, अजून लागतं.

१९८८-८९ चे दिवस. बीड जिल्ह्यातली आमची वडवणी तेव्हा तालुका झालेली नव्हती. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागायचं. मागे म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर सोडलेली आम्ही पोरं. टीव्ही मोजक्या घरांत. अँटेना फिरवायला एकजण पत्र्यावर. रविवारी चोप्रांचं ‘महाभारत’ लागायचं तेव्हा चपला बाहेर, टीव्हीला हळद-कुंकू. बेनेगलांच्या मालिकेला तो मान कधी मिळाला नाही. हात जोडावेत असं तिथे कुणी यायचंच नाही.

त्रेपन्न भागांत महाभारताला दोन, रामायणाला दोन. सलीम घौस रामही झाला, कृष्णही. ओम पुरी दुर्योधन. डोक्यामागे तेजोवलय नाही, आकाशात बाणाला बाण भिडत नाही. साधी वस्त्रं, आणि उघडीवाघडी भाऊबंदकी. ओम पुरीचा तो देवीच्या वणांचा चेहरा रागानं आवळला की ओसरीवरचे म्हातारे सरसावून बसायचे. बांधावरून कोर्टात गेलेली माणसं ती. वाटणीत एवढासाही तुकडा न सोडणारा भाऊ त्यांना नवा नव्हता.

आणि मध्येच तंबुरा उंचावत तीजनबाई पंडवानी, म्हणजे पांडवांची कथा, सांगायला लागल्या! छत्तीसगढी बोली, आम्हाला धड कळेना. पण आमच्याकडे गोंधळी रात्रभर आख्यान लावतो, तो एका अंगरख्यात घडीत राजा होतो, घडीत राणी. तीजनबाईंचा तंबुराही तसाच क्षणात भीमाची गदा व्हायचा. म्हाताऱ्यांना ते कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

ज्या पुस्तकावरून ही मालिका झाली ते नेहरूंनी १९४४ मध्ये नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं. नगर म्हणजे आमचा शेजारचा जिल्हा. महाभारतातली माणसं माणसं म्हणून पाहायला इरावतीबाई कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये या मालिकेआधीच शिकवलं होतं, पण ‘युगान्त’ आमच्या ओसरीपर्यंत पोचलं नव्हतं. बेनेगल पोचले.

पुढे ‘चाणक्य’ आली, तीही मन लावून केलेली. मग केबल आली. त्यानंतरच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

आजच्या पौराणिक मालिकांत देवाची छाती व्यायामशाळेत घडवलेली असते, एका वाक्यावर तीनदा वीज कडाडते. गाव दाखवतात त्यात धूळ नाही, शेण नाही, बाईच्या हाताला घट्टे नाहीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: लोकांना हेच लागतं. हे साफ खोटं आहे. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं बिनमुकुटाच्या दुर्योधनापुढे जागची हलली नव्हती, ते मी पाहिलंय.

आमच्याच जिल्ह्यात अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगड झालं, देवी कुमारिकाच राहिली, असं सांगतात. मोडलेल्या लग्नाची ही गोष्ट पडद्यावर करायला बैलगाड्या हव्यात, थकलेले वऱ्हाडी हवेत, आणि परत माहेरी न गेलेली एक पोरगी हवी. उद्या कुणी ती करायला घेतलीच, तर आधी बेनेगलांचे ते चार भाग बघावेत.