कागद घरी घेऊन जा

छत्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीत, मला बोलावणं आलं, तेव्हा वाटलं, पत्त्यात काहीतरी चूक झाली असावी. तिथे डॉक्टर असतात, औषधशास्त्राचे प्राध्यापक असतात, वकील असतात. मी यातली कोणीच नाही, आणि मी हवी होते ती म्हणूनच. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ साली जे नियम आले, त्यांनुसार अशा कमिटीत किमान सात जण लागतात. त्यांतले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत. आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक सर्वसामान्य माणूस हजर नसेल, तर चाचणीचा प्रस्ताव विचारातच घेता येत नाही.

माझं मुख्य काम म्हणजे रुग्णाच्या हातात पडणारं मराठी माहितीपत्रक वाचणं. पहिल्याच बैठकीत एका मलमाच्या चाचणीचं पत्रक समोर आलं. मधुमेहामुळे पायाची जखम भरत नाही, अशा रुग्णांसाठीचं मलम. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, ‘सहभागींना यादृच्छिकपणे दोनपैकी एका बाहूमध्ये नियुक्त केले जाईल.’ शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण पायाला पट्टी बांधून बाकावर बसलेल्या माणसाला यातून काय कळणार? मी लाल पेनाने खोडून लिहिलं, ‘दोन गट असतील. एका गटाला नवं मलम मिळेल, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं मलम मिळेल. तुम्ही कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. ते तुमच्या डॉक्टरांनाही ठाऊक नसेल. जखमेची नेहमीची मलमपट्टी आणि साखरेची औषधं दोन्ही गटांना चालूच राहतील.’

चिठ्ठी कशाला, असं बहुतेक जण विचारतात. निवड डॉक्टरांवर सोपवली, तर नकळत धडधाकट रुग्ण एकीकडे जातील आणि थकलेले दुसरीकडे. मग गुण औषधाचा की माणसाच्या ताकदीचा, हे सांगता येणार नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली झालेली एक चाचणी मला यासाठी नेहमी आठवते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे भूल देण्याचं साधं, स्वस्त औषध, टोचायचं. देशातल्या ११ केंद्रांवर १,६०० स्त्रिया त्यात आल्या. साधारण निम्म्यांना हे इंजेक्शन मिळालं, निम्म्यांना नाही. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के होतं, मिळालेल्या गटात ९०.१ टक्के. शंभर बायकांमागे जवळपास चौघी! इंजेक्शन ज्यांच्या वाट्याला आलं नाही, त्या बायकांचंही या आकड्यात तितकंच देणं आहे. त्या नसत्या, तर तुलना कशाशी करणार होतो?

तरीही मी कोणाला ‘भाग घ्याच’ असं सांगत नाही. चाचणी म्हणजे उपचार नव्हे. गुण येईल की नाही हे माहीत नाही, म्हणून तर ती करायची. फायदा होईलच अशी खात्री कोणी देत असेल, तर तिथून उठावं.

माझ्या यजमानांच्या हृदयविकाराच्या वेळी, अँजिओप्लास्टीच्या आदल्या संध्याकाळी, एका रुग्णालयात त्यांच्याकडून कागदांच्या चळतीवर सह्या घेतल्या गेल्या. त्यांत एक कागद चाचणीचा होता, हे आम्हाला पंधरा दिवसांनी फोन आला तेव्हा कळलं. सही केलेली प्रत आम्हाला कधीच मिळाली नाही. त्यांना काही अपाय झाला नाही. पण ‘मला विचारलं कुठे?’ हे त्यांचं वाक्य अजून माझ्या कानात आहे.

त्यामुळे शेजारीपाजारी कोणी विचारलं, की मी हेच सांगते. सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत मिळणं हा हक्क आहे, ती मागून घ्या. वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार सगळं वाचून होईपर्यंत समोर हवा. मध्येच सोडायचं ठरवलं तर कारण देण्याची गरज नाही, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही. गंभीर काही घडलं तर डॉक्टरांनी चोवीस तासांत कमिटीला कळवायचं असतं. पत्रकावर कमिटीचाही फोन नंबर असतो, तो वापरा. आणि चाचणीचा सीटीआरआय क्रमांक विचारा. आयसीएमआरच्या या नोंदवहीत २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची नोंद सक्तीची आहे आणि ती कोणालाही पाहता येते.

त्या मलमाच्या चाचणीत संमती कशी घेतात, हे पाहायला कमिटीतर्फे मी एकदा ओपीडीत गेले. साठीच्या एक मावशी होत्या, शिक्षण चौथीपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी वीस मिनिटं समजावलं. मावशी प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘तुमी सांगाल तसं, बाई. कुठं सही करू?’

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं. ‘आज नको, मावशी. कागद घरी न्या. घरच्यांना दाखवा. गुरुवारी या.’

मावशींनी कागदाची चार घड्यांची घडी केली आणि रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. गुरुवारी मीही मुद्दाम गेले. त्या आल्या. सोबत दहावीतला नातू होता आणि वहीच्या पानावर त्याच्या अक्षरात तीन प्रश्न होते. साखरेची गोळी चालू ठेवायची का? दर आठवड्याला यायचं, तर एसटीचं भाडं कोण देणार? या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पत्रकात होती, डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवली.

तिसरा प्रश्न नातवाने वाचला नाही, मावशींनीच विचारला. ‘मलम चांगलं निगालं, आन् तुमचं काम संपलं, तर फुडं मला ते मिळंल का?’

डॉक्टरीणबाई पानं उलटत राहिल्या. मी पर्समधून डायरी काढली आणि पुढच्या बैठकीच्या तारखेखाली तो प्रश्न मावशींच्याच शब्दांत लिहून घेतला.